वाटाण्याचं रोप आणि राजा हरिश्चंद्र

काशीत दशाश्वमेध घाटावर नाव केली आणि प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडे वल्हवायला सांगितलं, की केदारघाट मागे टाकून नाव हरिश्चंद्र घाटापाशी येते. मणिकर्णिकेइतका हा घाट मोठा नाही, पण चिता इथेही जळत असतात. नावाडी प्रत्येक यात्रेकरूला तीच गोष्ट सांगतो आणि प्रत्येक यात्रेकरूला ती आधीच ठाऊक असते. राजानं शब्दासाठी राज्य दिलं, दक्षिणेसाठी काशीच्या बाजारात बायको-मुलाला विकलं, स्वतःला डोंबाच्या हाती विकलं आणि शेवटी मेलेल्या पोटच्या पोराला घेऊन आलेल्या तारामतीकडेच स्मशानाचा कर मागितला. ती गोष्ट इथे, या पायऱ्यांवर घडली अशी श्रद्धा आहे.

याच गोष्टीवर आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. एवढं शाळेतली पोरंही सांगतात. पण हा राजा पडद्यावर येण्याआधी फाळक्यांनी एक दुसराच चित्रपट काढला होता आणि तो मोजक्या माणसांना घरी बोलावून दाखवला होता. त्यात राजा नव्हता, गंगा नव्हती, काशी नव्हती. एक कुंडी होती आणि कुंडीत वाटाणा. मिनिटभराहून थोडा जास्त चालणारा तो चित्रपट म्हणजे ‘अंकुराची वाढ’. आपल्या चित्रपटसृष्टीच्या साऱ्या इतिहासात मला त्या मिनिटाइतकं विलक्षण दुसरं काही वाटत नाही.

आधी हे समजून घ्यायला हवं की फाळके लोकांकडे नेमकं काय मागत होते. हलती चित्रं मुंबईला नवी नव्हती. ल्युमिएर बंधूंचा खेळ ७ जुलै १८९६ला वॉटसन हॉटेलात झाला होता. सावे दादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कुस्तीचं चित्रण केलं होतं. (पहिल्यांदा कॅमेरा फिरवणाऱ्या मराठी माणसाचं नावही हरिश्चंद्रच असावं, हा योगायोग मला फार आवडतो.) १८ मे १९१२ला दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ही कॉरोनेशनमध्येच लागला. पण ते रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा चालवणारा गोरा होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. फाळक्यांच्या डोक्यात होतं ते याहून फार मोठं होतं. गोष्ट आपली, नट आपले, कॅमेरा चालवणारा आपला, फिल्म धुणं-छापणं-जोडणं सगळं इथेच, घरचं. त्यांना एक चित्रपट काढायचा नव्हता, अख्खा धंदा जन्माला घालायचा होता. स्वदेशीच्या त्या काळात कापड आणि काड्यापेट्या इथे बनाव्यात हे लोकांना पटलेलं होतं. पण चालतीबोलती माणसं फितीवर बनवण्याचा कारखाना? त्यावर पैसे कोण लावणार?

शिवाय मागणारा माणूस चाळिशी ओलांडलेला. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी शास्त्र्याच्या घरात जन्म, मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय केला, तिथे प्लेगनं पहिली पत्नी आणि मूल नेलं. जादूचे प्रयोग केले, तेही आपलंच आडनाव उलटंपालटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि सोडली. छापखाना काढला, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ला जर्मनीची वारी केली, मग भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सुटला. व्यवहारी माणसाच्या नजरेनं पाहिलं तर ही धरसोड. पण पुन्हा एकदा पाहा: चित्रकला, फोटोग्राफी, रसायनं, छपाई, नेपथ्य, जादू. चित्रपटाला जे जे लागतं त्यातलं या माणसाच्या हाताखालून काय गेलं नव्हतं? फक्त हे सगळं एकत्र कुठे येतं, ते अजून त्यालाही दिसलं नव्हतं.

ते दिसलं १९११च्या ईस्टरच्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. पडद्यावर येशूचं चरित्र चाललं होतं आणि फाळक्यांना तिथे राम आणि कृष्ण दिसू लागले. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत त्यांनी स्वतःच हे सांगितलं आहे. त्यानंतर वेड लागल्यासारखे ते रोज चित्रपट पाहू लागले. घरी छोटं यंत्र, भिंगं, मेणबत्त्या, फिल्मचे तुकडे घेऊन रात्री जागवू लागले. डोळ्यांवर एवढा ताण पडला की काही काळ दिसेनासंच झालं, आणि उपचारांनंतर दृष्टी परत आली. १२ हजारांच्या विमा पॉलिसीवर १० हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ला लंडनची बोट पकडली. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत कुणाची ओळख नसताना थेट जाऊन संपादकांना भेटले. त्या संपादकांनी त्यांची सेसिल हेपवर्थ या नावाजलेल्या निर्मात्याशी गाठ घालून दिली. कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून १ एप्रिलला ते मुंबईत परत आले.

कर्जबाजारी माणूस पैशासाठी दारात येतो तेव्हा त्याच्यापाशी सहसा शब्दच असतात. फाळक्यांची वाणी ओजस्वी होती, शब्दांची त्यांना वाण नव्हती. पण शब्दांनी सांगितलेला चित्रपट ऐकणाऱ्याला दिसतो तो त्याच्या स्वतःच्या डोक्यातला. राजा हरिश्चंद्र म्हटलं की समोरच्याला दिसणार किर्लोस्करी थाटाचं नाटक, नाहीतर रविवर्म्याच्या छापील चित्रातला देव. त्यात नवं ते काय? जे डोळ्यांनी कुणी कधी पाहिलेलंच नाही आणि जे फक्त या यंत्रालाच दाखवता येतं, असं काहीतरी समोर ठेवायला हवं होतं.

वाटाणा हे त्याचं उत्तर होतं.

वाटाण्याचं रोप वाढताना कुणी पाहिलंय? वाढलेलं सगळ्यांनी पाहिलंय. काल एवढं होतं, आज एवढं झालं, असं आपण म्हणतो, पण ‘वाढणं’ ही क्रिया आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कारण आपली नजर तिच्या मानानं फार घाईची आहे. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थांबून थांबून एकेक चित्र घेत राहिले. मग ती पट्टी नेहमीच्या वेगानं चालवली. महिना मिनिटात आला.

आता जरा हिशेब करू, कारण खरी गंमत हिशेबातच आहे. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावरून जात. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं मावतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. मिनिटभराच्या चित्रपटाला ६० फूट फिल्म आणि ९६० चित्रं लागणार. फाळके रोज एक चित्र घेत असत असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. तसं असतं तर ३० दिवसांची ३० चित्रं झाली असती आणि ती डोळ्याची दोन-चार उघडझाप होईतो संपली असती! मिनिट भरायचं तर दिवसाला ३२ चित्रं हवीत. रात्रंदिवस घेतली तर दर पाऊण तासाला एक. फक्त दिवसाउजेडी घेतली तर बावीस-तेवीस मिनिटांना एक, आणि मग प्रत्येक सकाळी रोप पडद्यावर टुणकन उडी मारणार, कारण रात्रीही ते वाढतच असतं. त्यांनी यातली नेमकी कोणती रीत धरली ते बाजूला ठेवलं, तरी आकडा बदलत नाही: घरात कुणीतरी शेकडो वेळा त्या कुंडीपाशी उठून जात होतं.

त्या काळच्या कॅमेऱ्याला बाजूला दांडा असे. नेहमीच्या चित्रणात दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रं जात, सेकंदाला दोन फेरे मारायचे. करामतीच्या चित्रणासाठी बऱ्याच कॅमेऱ्यांना दुसरा आस असे, त्यावर दांडा बसवला की एका फेऱ्यात एकच चित्र. म्हणजे जायचं, दांडा एकदाच फिरवायचा, तोही दर वेळी सारख्याच गतीनं, आणि परत यायचं. गती कमीजास्त झाली की त्या एका चित्रावर उजेड कमीजास्त पडणार आणि पडद्यावर दिवा फडफडल्यासारखं दिसणार. ढग आला, खिडकीतली उन्हाची तिरीप सरकली, तरी तेच. तिवईला कुणा मुलाचा धक्का लागला, तर पडद्यावर अख्खी कुंडी हलणार. रोपाला पाणी घालताना कुंडी तसूभरही सरकता कामा नये. आणि सगळ्यात जीवघेणी गोष्ट ही की ही पट्टी धुऊन होईपर्यंत काय उमटलंय ते कळायची सोय नाही. आज मोबाइलमध्ये ‘टाइम-लॅप्स’चं बटण दाबलं की हे सगळं यंत्रच करतं, आणि मधेच पाहताही येतं. फाळक्यांच्या हाती महिन्याअखेर एक पट्टी लागणार होती. ती चांगली निघेल, नाहीतर कोरी.

वाटाणाच का घेतला असेल, याचाही मी पुष्कळ विचार केला आहे. मूग किंवा घेवडा पेरला तर रोप आपली दोन दलं डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतं. वाटाण्याची दलं मातीतच राहतात. बाहेर येतो तो वाकलेला कोंब, मान खाली घातलेला, म्हणजे कोवळ्या शेंड्याला मातीचा मार लागत नाही. उजेड दिसला की ती मान ताठ होते. मग पानं फुटतात आणि त्यांच्या टोकांना तणावे येतात. हे तणावे नुसते लोंबत नाहीत, आधार शोधत हवेत गोल गोल फिरत असतात. चार्ल्स डार्विननं वेलींवरच्या आपल्या अभ्यासात हे फिरणं तासन्‌तास बसून टिपलं होतं. वाटाण्याच्या तणाव्याची एक फेरी तासा-दोन तासांत पुरी होते. काडीला स्पर्श झाला की तणावा तिला विळखा घालतो. म्हणजे मिनिटभराच्या चित्रपटाला लागतं ते सगळं इथे आहे: मातीची हालचाल, पात्राचा प्रवेश, उजेडाकडे वळणं, शोध आणि शेवटी पकड. फाळक्यांनी हे सगळं मोजूनमापून निवडलं असेल असं मी म्हणणार नाही. पण घरात चटकन मिळणारं, भराभर वाढणारं आणि वाढताना इतका अभिनय करणारं दुसरं रोप सापडणं कठीणच.

त्या काळी जगात हा विषय नवा होता, पण कोरा नव्हता. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९००च्या आसपास रोपांच्या वाढीची अशी चित्रणं केली होती आणि १९१०मध्ये लंडनच्या पर्सी स्मिथनं उमलत्या फुलांचा चित्रपट लोकांना दाखवून चकित केलं होतं. आपल्याकडे कोलकात्यात जगदीशचंद्र बोस वनस्पतींच्या अतिसूक्ष्म हालचाली मोजणारी यंत्रं घडवत होते. पण फाळक्यांचा हेतू शास्त्रज्ञाचा नव्हता. त्यांना वाटाण्याबद्दल काही सिद्ध करायचं नव्हतं. त्यांना स्वतःबद्दल सिद्ध करायचं होतं.

अंधारलेल्या खोलीत बसलेले यशवंतराव नाडकर्णी डोळ्यांसमोर आणा. ते फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी. कॅमेरा म्हणजे काय, फिल्म धुताना काय काय बिघडू शकतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. समोर पडद्यावर कुंडीतली माती हलली, कोंब वर आला, मान उचलली, पानं फुटली, वेल वर चढला. साध्या प्रेक्षकाला तो चमत्कार वाटला असेल. नाडकर्ण्यांसारख्या जाणकाराला त्यातला प्रत्येक क्षण दाखल्यासारखा दिसला असणार. या माणसाला उजेड कळतो, रसायनं कळतात, यंत्र याच्या मुठीत आहे आणि महिनाभर एका जागी चिकाटीनं बसायची याची तयारी आहे. हरिश्चंद्राच्या चित्रपटाला जे जे लागणार होतं ते सगळं त्या मिनिटात होतं. फक्त हरिश्चंद्र नव्हता. नाडकर्ण्यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली.

मोठ्या कल्पना देखाव्यांतून आणि चित्रपटांतून विकायची रीत पुढे जगभर रूढ झाली. न्यूयॉर्कच्या १९३९च्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सनं ‘फ्यूचरामा’ नावाचा देखावा उभारून १९६० सालची शहरं आणि रुंद रस्ते दाखवले. ॲपलनं १९८७मध्ये ‘नॉलेज नॅव्हिगेटर’ नावाचा छोटा चित्रपट काढला. त्यात एक प्राध्यापक घडीच्या पडद्यावरच्या मदतनिसाशी गप्पा मारत कामं उरकतो. तसं यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. असे देखावे आणि चित्रपट सुंदर असतात, माणसाला स्वप्न दाखवतात. पण त्यात दाखवलेलं आणि ते दाखवणारं साधन यांचा एकमेकांशी संबंध नसतो. कॅमेरा चांगला असला म्हणून संगणक तयार होत नाही. वाटाण्याच्या बाबतीत मात्र हातचं राखून ठेवलेलं काहीच नव्हतं. जी वस्तू बनवायची होती तिचाच एक लहानसा, चालणारा, खरा तुकडा समोर होता. त्याच्या जवळचं उदाहरण शोधायचं तर मला ९ डिसेंबर १९६८ची सॅन फ्रान्सिस्कोची सभा आठवते. तिथे डग्लस एंगलबार्ट या अभियंत्यानं सुमारे हजार लोकांसमोर दीड तास संगणक प्रत्यक्ष चालवून दाखवला. माउस, पडद्यावरचं लेखन, दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम, सगळं डोळ्यांदेखत. त्या प्रात्यक्षिकाची जात फाळक्यांच्या कुंडीशी जुळते.

पैसे आले, तरी पुढचं सोपं नव्हतं. दादरच्या बंगल्यात सेट उभे राहिले, वांगणीच्या परिसरात बाहेरचं चित्रण झालं. चित्रपटात काम करणं हलकं समजलं जाई, म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत: कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा. (परेश मोकाशींच्या २००९च्या चित्रपटाचं नाव इथूनच आलं.) तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. आणि फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई! ऊन परतवण्यासाठी त्या तासन्‌तास पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री अंधारखोलीत बसून फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या. कच्ची फिल्म बिनभोकांची येई. भोक केसभर चुकलं तर पडद्यावर अख्खं चित्र थरथरणार. राजा हरिश्चंद्र पडद्यावर स्थिर उभा राहिला तो सरस्वतीबाईंच्या हाताच्या नेमामुळे. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांमध्ये त्यांचं नाव पहिल्या ओळीत असायला हवं, आणि अजून ते पुरेसं घेतलं जात नाही.

गोष्ट हरिश्चंद्राची निवडण्यातही तीच समज होती. साधन अगदी नवं, म्हणून गोष्ट अगदी ओळखीची. मूकपटात पात्रं बोलत नाहीत, मधे मधे पाट्या येतात. वाचता न येणाऱ्यालाही अडचण नव्हती, कारण पुढे काय होणार ते त्यानं आजीकडून ऐकलेलं असे. काशीतल्याच भारतेंदू हरिश्चंद्रांनी या कथेवर ‘सत्य हरिश्चंद्र’ हे हिंदी नाटक १८७५च्या सुमारास लिहिलं होतं. देशभरच्या रंगभूमीवर ही कथा वेगवेगळ्या भाषांत खेळली जात होती. काशी आणि तिथला मसणवटा कुठल्याही प्रेक्षकाच्या मनात आधीच तयार होता. फाळक्यांना फक्त त्याच्यावर प्रकाश टाकायचा होता.

तरीही सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. रात्रभर चालणारं नाटक सोडून तासाभराचं चित्र कोण बघणार? फाळक्यांनी जाहिरात बदलली. ५७ हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे, अशी ती जाहिरात होती. मला ती वाचली की वाटाण्याचाच हिशेब आठवतो. चित्रपटाची लांबी होती सुमारे ३,७०० फूट. फुटाला १६ चित्रं धरली तर ५९,२०० होतात. म्हणजे ५७ हजार हा आकडा अगदी वाजवी. दोन मैल मात्र नाहीत. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलाहूनही कमी. पण पाहा, लोकांना चित्रपट कसा समजावून सांगावा हे त्यांना किती कळलं होतं. कथा उत्तम आहे, नट उत्तम आहेत, असं काही ते म्हणत नाहीत. चित्रपट ज्याचा बनलेला असतो तेच ते मोजून देतात: किती छायाचित्रं, किती लांबी.

‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आले. १९१४ला फाळक्यांनी ते लंडनला नेऊन दाखवले, तिथे कौतुक झालं. मग महायुद्धानं पैशाचा ओघ आटला. १९१७ला ‘लंकादहन’नं गर्दी खेचली. त्याच काळात त्यांनी आणखी एक छोटा चित्रपट काढला, ‘चित्रपट कसे तयार करतात’. त्यात ते स्वतः दिसतात: नटांना शिकवताना, कामात गढलेले. वाटाण्याच्या चित्रपटात फाळके पडद्यामागे होते, इथे ते कारखान्याचा दरवाजा उघडून लोकांना आत घेतात. हा धंदा कसा चालतो ते पाहा आणि मग विश्वास ठेवा, अशी ती रीत. लोकमान्य टिळक आणि मनमोहनदास रामजींसारख्यांनी फाळक्यांसाठी भांडवल उभारायचा प्रयत्न केला, तो तडीस गेला नाही. अखेर १ जानेवारी १९१८ला वामन श्रीधर आपटे आणि इतर भागीदारांसह नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि मुलगी मंदाकिनीला कृष्ण केलेला ‘कालियामर्दन’ यांनी नाव आणि पैसा दोन्ही दिलं. पण पैसा लावणाऱ्यांना हिशेब हवा होता आणि फाळक्यांना मोकळीक. ते जमलं नाही. कंपनी सोडून, चित्रपटाला रामराम ठोकून, १९१९च्या अखेरीच्या सुमारास फाळके सहकुटुंब निघाले ते काशीला.

ज्या नगरीत त्यांच्या राजानं सगळं गमावलं, तिथेच ते सगळं सोडून आले. मराठी माणसाला काशी परकी नव्हती. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं. आणि नाटक तर आपल्या माणसाच्या पाठोपाठ येतंच: किर्लोस्कर नाटक मंडळी त्याच सुमारास काशीत आली होती. मंडळीचे व्यवस्थापक शंकर बापूजी मुजुमदार फाळक्यांच्या ओळखीचे. नाटकावर बोलणं व्हायचं, आणि तिथूनच फाळक्यांनी ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहायला घेतलं, तेही त्या वेळच्या रंगभूमीवरच झोड उठवणारं. ते पुरं व्हायला जवळजवळ वर्ष लागलं.

इकडे ‘संदेश’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर त्यांना परत बोलावत होते. फाळक्यांनी उलट टपाली कळवलं की चित्रपटापुरता मी मेलो आहे, आता मला पुन्हा उठवू नका. कोल्हटकर पट्टीचे वृत्तपत्रकार. त्यांनी ते पत्र फाळके वारल्याचा मथळा देऊन छापलं. मग वाचकांच्या पत्रांचा जो पूर लोटला! फाळक्यांनी परत यावं, असं शेकडो माणसांनी लिहिलं आणि कोल्हटकरांनी ती सगळी पत्रं काशीला धाडली.

ही पत्रं लिहिणारे सावकार नव्हते. त्यांना कुणी अंधाऱ्या खोलीत बोलावून वाटाणा दाखवला नव्हता, फिल्म कशी धुतात तेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तीन-चार आण्यांचं तिकीट काढून हरिश्चंद्र पाहिला होता, शेपटीनं लंका जाळणारा मारुती पाहिला होता, कालियाच्या फण्यावर नाचणारी चिमुरडी मंदाकिनी पाहिली होती. १९१२ला एकेका माणसाला घरी बसवून जे पटवावं लागलं होतं, त्यासाठी आता लोक आपणहून टपाल हशील भरत होते.

फाळके काशीहून नाशिकला परतले आणि पुन्हा हिंदुस्तान कंपनीत चित्रपट काढू लागले. ‘रंगभूमी’ १९२२ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात लागलं, पण चाललं नाही. मूकपटांचा जमाना संपेपर्यंत ते काम करत राहिले, आणि १९३७ला कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी आपला एकमेव बोलपट केला, ‘गंगावतरण’.